तळाची साय

कुही तालुक्यातला रुपराव नागपुरातल्या एका रक्तरोगाच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं रोजंदारीवर बाटल्या धूत होता. छप्पन साली बापाबरोबर त्याने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तरी गावात त्याचा हात लागलेलं भांडं लोक बाजूला सारत. म्हणून तो बाटली इतकी लख्ख धुई, की उन्हात धरली तर काच शोधावी लागे.

त्र्याऐंशी साली डॉ. उत्तराबाई तिथे बाटल्यांत हाडातल्या मज्जेच्या पेशी वाढवत होत्या. त्यांतल्या काही तळाला चिकटून साय धरत. सहसा कुणाच्या डोळ्याला न दिसणारी. तिच्यावर रक्ताच्या कर्करोगाच्या कच्च्या पेशी सोडल्या, की त्यांतल्या काही हळूहळू पिकून निरोगी पेशींसारख्या होत. हे त्या सायीमुळेच होतं का, हे बाईंना सिद्ध करायचं होतं.

एका शनिवारी बाईंनी बारांपैकी सहा बाटल्यांतलं जुनं पोषक पाणी नवं भरण्यासाठी काढून त्या मोरीजवळच्या टेबलावर ठेवल्या आणि त्या बैठकीला गेल्या. रुपरावने एक बाटली उजेडात धरली. तळाला मळ दिसला. त्याने सहाही ब्रशने घासल्या, वाफेत उकळल्या, त्याच चिठ्ठ्या पुन्हा डकवून जागेवर ठेवल्या. सोमवारी बाईंनी काही न कळता नवं पाणी भरून बाराही बाटल्यांत कच्च्या पेशी सोडल्या.

दहा दिवसांनी सहा बाटल्यांत पेशी पिकल्या, सहांत कच्च्याच राहिल्या. बाई म्हणाल्या, साय तर बाराही बाटल्यांत होती, म्हणजे कारण ती नव्हे; दोन वर्षांचं काम आता फेकायचं. रुपरावला कायम करण्याचा कागद त्याच आठवड्यात मोठ्या साहेबांच्या टेबलावर होता. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो मोरीशी उभा राहिला.

"बाई, त्या सहा बाटल्या म्या घासल्या. तळाले मळ दिसला मले."

बाई रागावल्या नाहीत. कोणत्या सहा, ते विचारून त्यांनी वही पाहिली. पेशी कच्च्या राहिलेल्या त्याच होत्या.

"रुपराव, साय गेली म्हणून साय कळली," त्या म्हणाल्या. मग त्यांनी मुद्दाम बाटल्या घासून तोच प्रयोग तीनदा केला. निबंध छापून आला.

पण हे सुचलं कसं, ते त्यांनी साहेबांना कौतुकाने सांगितलं होतं. न विचारता हात लावणारा माणूस कायम कसा करायचा, म्हणून साहेबांनी कागद परत पाठवला. बाईंनी एकदा शब्द टाकला. दुसऱ्यांदा टाकला नाही.

"काहून सांगतलं जी?" बायको प्रेमलताने विचारलं.

"बाईचं दोन वर्साचं काम गेलं असतं."

"अन् तुमचे अकरा?"

दुसऱ्या दिवसापासून साहेबांनी रुपरावला वऱ्हांडे पुसायला लावलं. अकरा वर्षांची एकोणीस झाली, रोजंदारीचीच.