गुणाबाई ओ देत नाही

गुणाबाईचं आणि माझं सहा वर्षांत एक दिवस पटलं नाही. एटापल्ली तालुक्यातल्या आमच्या दोन शिक्षकी शाळेत मी मुख्याध्यापक आणि ती पोषण आहार शिजवणारी. मी ऑफिसात बसून हाक मारायचो, "गुणाबाई, चहा." मागच्या शेडमधून उत्तर नाही. पुन्हा मारायचो. भांडी आपटल्याचा आवाज यायचा, ओ यायची नाही. तिसऱ्यांदा गळा ताणला की मग आरामात, "काय जी?" इतकी मग्रूर बाई मी दुसरी पाहिली नाही. एकदा मी तिच्या वागणुकीची तक्रार वर लिहून पाठवली. ती तिला कोणीतरी वाचून दाखवली असणार, कारण पुढे महिनाभर माझ्या ताटातलं वरण अळणी होतं.

ती रस्त्यापासून पाच किलोमीटर आत, जंगलातल्या टोल्यावर, म्हणजे दहा-बारा घरांच्या वस्तीत राहते. नवरा वारलू धान पिकवतो, हंगामात तेंदूपत्ता तोडतो. रोज सकाळी चालत येताना ती शेजारच्या जंगूची पोरगी बुधरी, हिला सोबत आणते. यंदा टोल्यावरून शाळेत येणारी ही तिसरीतली बुधरी एकटीच. बाकीची तीस मुलं रस्त्यावरच्या गावची, खनिजाचे ट्रक आणि घरचे मोबाइल बघत वाढलेली.

जुलैत जिल्ह्यातून टॅबलेट आले, सोबत माहितीपत्रक. प्रत्येक मूल आपल्या पद्धतीनं शिकतं, कोणी पाहून, कोणी ऐकून, कोणी हातानं करून. टॅबलेट खेळ घेऊन ते ओळखणार आणि ज्याला त्याला तसा धडा देणार. मला ते मनापासून पटलं होतं. बारा वर्षं त्याच फळ्यावर तेच खरडून मी विटलो होतो.

चाचणी एकेका मुलाची, बंद खोलीत, कोणी शेजारी नको, अशी सूचना होती. टॅबलेटमधून एका बाईचा गोड आवाज यायचा, "बुधरी, खेळायला येतेस?" मुलानं ओ दिली की खेळ सुरू. वीस सेकंदांत काही बोललं नाही तर खेळ बंद. मी दार उघडलं तेव्हा बुधरी कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून उभी होती आणि टॅबलेट विझला होता. अहवालात तीस नावं हिरवी आली, तिचं लाल. ऐकून आकलन शून्य, विशेष निवासी शाळेसाठी शिफारस. आठ दिवसांत वरून पत्र आलं की वडिलांची सही घ्या आणि मुलीला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवा.

मला वाईट वाटलं नाही. वर्गात तोंड न उघडणारी एक पोर कमी झाली, असं वाटलं. आज त्याची लाज वाटते.

जंगू आला, व्हरांड्यात उकिडवा बसला. "तिची माय नाई राहू शकत जी तिच्याबिगर," एवढंच म्हणाला. मी सहीसाठी अर्ज पुढे केला, तेवढ्यात हातात पळी घेऊन गुणाबाई आली.

"पोरगी बहिरी हाय म्हन्ते का तुमचा डब्बा?"

"बहिरी नाही. ऐकलेलं तिला समजत नाही."

"चुलीवर भात उतू चालला त पाठ करून बसली असली तरी आवाजावरून तेच मले सांगते. मंग?"

"गुणाबाई, हे तुमचं काम नाही."

"तुमाले बी जमून नाई राह्यलं." ती हलली नाही. "डब्ब्यानं किती बार हाक मारली तिले?"

"एकदा."

"बोलनारी बाई दिसत होती?"

"टॅबलेटमध्ये बाई कशी दिसेल?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तिसरीत नापास झालोय. "आमच्या टोल्यावर न दिसनाऱ्याच्या पयल्या हाकेले कोनी ओ देत नाई. दुसऱ्या बी नाई. जंगलात कोन बोलावून राह्यलं, काय मालूम? तीन बार बोलावलं त मानूस."

"त्याले दोनच बार बोलावता येते," जंगू खाली बघत म्हणाला. 'त्याले' म्हणजे कोणाला, हे त्यानं सांगितलं नाही.

माझं डोकं फिरलं. "मग पोरीला सांगा, पहिल्या हाकेला ओ दे. मी पुन्हा चाचणी घेतो."

"नाई सांगत. आज डब्ब्यासाठी सांगन, उद्या मोहा वेचताना तिले कोनी बोलावलं त? तुमी जासान शोधाले?"

तिला खोटं पाडायचं म्हणून, निव्वळ तेवढ्यासाठी, मी बुधरीला आत नेलं. टॅबलेटनं हाक मारली. ती गप्प. खेळ बंद करून पुन्हा लावला. गप्प. तिसऱ्यांदा लावला.

"ओ," बुधरी म्हणाली, आणि टॅबलेट मांडीवर घेऊन बसली. सोळापैकी सोळा. ऐकून शिकण्यात शाळेत पहिली.

पण जुना निकाल खोडता येईना. मदतीच्या नंबरवरचा माणूस म्हणाला, चाचणी मुख्याध्यापकानं चुकीची घेतली असं लेखी द्या, तरच रद्द होईल. मात्र तशी नोंद तुमच्या सेवापुस्तकात होईल. दुपारभर मी गुणाबाईच्या नावानं दात-ओठ खाल्ले. जंगू तिथंच बसून होता. अर्ज त्यानं गुडघ्याखाली दाबून ठेवला होता.

शेवटी लिहिलं, चूक माझी; मी या मुलीला ओळखत नव्हतो. पत्र पाठवलं, जंगूकडून अर्ज घेऊन फाडला. बापलेक टोल्याच्या वाटेला लागले.

मग सवयीनं हाक मारली, "गुणाबाई." उत्तर नाही. "गुणाबाई." भांडी वाजली. तिसऱ्या हाकेसाठी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. सहा वर्षं मी भिंतीआडून ओरडत होतो. उठलो, शेडमध्ये गेलो, तिच्यासमोर उभा राहिलो. ती राखेनं भाताचा गंज घासत होती.

"गुणाबाई, ती तक्रार मी लिहायला नको होती."

ती घासतच राहिली. "सहा वर्स झाले, सर. एक बार असे समोर येऊन बोलले असते त पयल्या हाकेलेच ओ देली असती."