देव्हाऱ्यातलं पदक

सर्कशीचे जुने बिल्ले आणि पदकं जमवायचा नाद मला नोकरीत असल्यापासून आहे. राजापेठेतल्या आमच्या घरी त्याला कोणी छंद म्हणत नाही. नवरा म्हणतो, "भंगारवाला आपल्या दारावरून जाताना घाबरतो, तू त्याची गाडी लुटशील म्हणून." म्हणू दे. तंबू उभारायला हात लावणाऱ्या गावकऱ्यांना सर्कसवाले पितळी बिल्ला द्यायचे. तो दाखवला की खेळ फुकट. असा एखादा बिल्ला हाती लागला की माझा आठवडा चांगला जातो. चिडते मी एकाच गोष्टीवर. लोक जुनी वस्तू चिंच लावून लखलखीत घासून आणतात आणि वर शाबासकीची वाट पाहतात!

अकोल्याचे एक सराफ मोडीत आलेली अशी वस्तू माझ्यासाठी बाजूला काढून ठेवतात. गेल्या दिवाळीनंतर त्यांचा फोन आला. बाळापूरच्या एका शेतकरी घरात दोघा भावांच्या चुली वेगळ्या झाल्या होत्या. आपल्याकडची रीत अशी, की घरचे देव थोरल्याकडे राहतात आणि धाकट्याला नवे टाक घडवून देतात, म्हणजे कुळदेवांच्या चांदीच्या प्रतिमा. नमुना म्हणून थोरल्याने देव्हाऱ्यातले सगळे टाक सराफाकडे नेले. त्यातला एक निघाला भरीव आणि जड, मागे झिजलेली इंग्रजी अक्षरं. सराफ म्हणाले, हा टाक नाही, सर्कशीचं पदक दिसतं. थोरल्याचं तोंड उतरलं. म्हणजे आपण जन्मभर सर्कशीला नैवेद्य दाखवला? सराफांनी त्याला माझं नाव सुचवलं आणि दुसऱ्या दिवशी मी एसटीने बाळापूरला हजर. सख्ख्या नणंदेच्या लग्नालाही मी इतक्या लगबगीने गेले नव्हते.

पुढच्या खोलीत कापसाचा ढीग पडला होता. थोरल्याची म्हातारी आई त्याला टेकून बसली होती आणि कापसातला पालापाचोळा वेचत होती. सुनेने चहा दिला. थोरल्याने रुमालाची गाठ सोडली आणि ती वस्तू माझ्या हातावर ठेवली.

सिंह, त्याच्या शेजारी उभी बाई, बाईच्या हातात चाबूक. रोजच्या घासण्याने सिंहाची आयाळ गेली होती, बाईचं नाक गेलं होतं, चाबकाची काठी तेवढी उरली होती. वर हळदीकुंकवाचा थर. सिंहाजवळ बाई दिसल्यावर आपल्या माणसाचे हात आपोआप जोडले जातात, त्यात या लोकांचं काय चुकलं? पण कडेवरून बोट फिरवलं तर वरच्या बाजूला खरखर लागली. तिथे फितीत अडकवायची कडी होती, ती कोणीतरी कानशीने घासून काढली होती. टाकाला कडी नसते. पदकच होतं ते, आणि असं पदक मी आजवर फक्त ऐकून होते. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, खोटं कशाला बोलू?

"सांगा मॅडम," थोरला म्हणाला, "देवी हाय का सर्कस? सर्कस असन तं तेवढी चांदी सराफाकडे टाका अन् हे घेऊन जा. नाही तं तो आटवतो म्हनते, धाकट्याच्या टाकात जाईन. मले घरात नाही पाह्यजे. रोज वावरात जायच्या आंधी याच्या पाया पडत होतो मी."

त्याचा आवाज चढला होता, पण राग नव्हता तो. फसवलं गेल्याचं दुःख होतं. मला तर फक्त 'सर्कस' एवढंच म्हणायचं होतं आणि वस्तू माझी होती. मी तोंड उघडलं, तेवढ्यात म्हातारीकडे लक्ष गेलं. तिचे कापूस वेचणारे हात थांबले होते आणि ती माझ्या मुठीकडे पाहत होती. लेकराला कोणी परक्याने कडेवर घेतलं की आई पाहते तशी.

मी विचारलं, "काकू, हे घरात कुठून आलं?"

"माहं हाय ते," म्हातारी म्हणाली.

थोरला म्हणाला, "तुह्यं? काहीही काय बोलतं माय!"

"मी सर्कशीत होती. झुल्यावर. जोडीची पोरगी दुसऱ्याच्या हातातून सुटली तं खालच्या झुल्यावरून मी धरली तिले, तवा मालकानं देल्लं. सिंहाजवळ मी कधी गेली नाही रे, सर्वायले एकाच साच्याचं भेटे. अकोल्यात तंबू होता तं तुहा बाप रोज खेळ पाह्याले ये. लग्न करून आनलं अन् घरी सांगतलं, अनाथ पोरगी हाय. माही सासू लय कडक. पेट्या उघडून पाहे, गाठोडे सोडून पाहे. मंग तुह्या बापानंच कडी घासली अन् हे देवात नेऊन ठेवलं. म्हने, देवाले कोनी विचारत नाही, तू कुठून आला म्हनून."

म्हातारी खाली मान घालून बसली. एवढ्या वयात लेकासमोर गुन्हेगारासारखं बसायची पाळी तिच्यावर यावी, याने माझा जीव कळवळला. माझी मूठ मात्र मिटलेलीच होती. ती उघडली सुनेने. तिने माझ्यापुढे हात पसरला, आणि मी पदक तिच्या हातावर ठेवलं.

"आई," सून म्हणाली, "म्हंजे लग्न झाल्यापासून मी रोज सकाळी तुमच्याच पाया पडून राहिली का?"

म्हातारीने मान वर केली. "मंग? आशीर्वाद कमी पडला का कधी?"

सून हसली, हसता हसता रडली, आणि पदराने पदक पुसत आत देव्हाऱ्याकडे गेली. मीही डोळे पुसले. थोरला तसाच उभा होता. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. सराफाचा आवाज मलाही ऐकू येत होता. भट्टी पेटली आहे, काय ठरलं, देवी का सर्कस?

थोरल्याने आईकडे पाहिलं.

"आटवू नका," तो म्हणाला. "माही माय हाय ते."