डब्यातलं पाणी

सोलापुरात आमचं घर तलावाकाठी आहे असं सांगितलं की लोक आधी हसतात. नळाला दिवसाआडसुद्धा पाणी न येणाऱ्या गावात मागच्या दाराला तलाव! पण आहे. तलावाचं पाणी वळून आमच्या कॉलनीत जिथं शिरतं, त्याला आम्ही कोपरा म्हणतो. रविवारी सगळी कॉलनी तिथं असायची. कुणी गळ टाकून, कुणी नुसते पाय सोडून, आणि पोरं कमरेइतक्या पाण्यात बाबांच्या ताब्यात.

बाबा चिंचोळीच्या एका कारखान्यात फिटर. कॉलनीतल्या निम्म्या पोरांना पोहायला त्यांनीच शिकवलं. पाठीला तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा, त्याला रबरी बूच. डबा ते पाण्यात उभं राहूनच बांधायचे आणि पाण्यातच सोडायचे. मी नऊ वर्षांची होते, भित्री आणि वर तोंडाळ. "डबा सुटला तर तुमच्याशी कधी बोलणार नाही," असं दर रविवारी बजावायचे. पाचव्या की सहाव्या रविवारी मी समोरच्या दगडापर्यंत पोहून आले, तेव्हा बाबांनी बूच काढून डबा उपडा केला. भडाभडा पाणी पडलं. दर वेळी एकेक तांब्या वाढवत आणलेलं, त्या दिवशी काठोकाठ.

"डब्यानं न्हाय, तूच तरंगलीस की," म्हणाले. फसवलं म्हणून मी दोन दिवस अबोला धरला.

मी लग्न केलं नाही, आई-बाबांजवळच राहिले. माझी नोकरी वगळता घरातलं सगळं बाबाच बघायचे. गेल्या वर्षी मात्र ते एकाएकी आळशी झाले, असं मला वाटलं. पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर, गॅसची टाकी, आईची दवाखान्याची फाईल, सगळ्याला एकच उत्तर, "तू कर की." मग आईचं इन्शुलिन. रोज सकाळी बाबाच द्यायचे. एके दिवशी म्हणाले, "माजा हात थरथरतोय, तू दे." त्याच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दगडावर बसून गळाला गांडूळ लावताना त्यांचा हात जराही हलत नव्हता. माझं डोकंच फिरलं. शेजाऱ्यांसमोर मी म्हणाले, "कामचुकार झालात तुम्ही!"

"व्हय की," ते हसले आणि गळ पाण्यात टाकला.

दिवाळीनंतर बाबा गेले. कॅन्सर होता, हे शेवटच्या तीन आठवड्यांत कळलं. म्हणजे मला कळलं. नंतर त्यांचं आधार कार्ड शोधताना कपाटात पहिला रिपोर्ट सापडला. तारीख पाहिली. मोटारीच्या स्टार्टरला ते पहिल्यांदा "तू कर की" म्हणाले, त्याच्या आदल्या आठवड्यातली.

मी कपाटापाशीच खाली बसले. वर्षभर ते माझ्या डब्यात एकेक तांब्या ओतत होते, आणि मी पुन्हा चिडलेच होते. नऊ वर्षांची असताना निदान दोन दिवसांनी बोलले तरी होते.

कोपऱ्यावर आता मी उतरत नाही. पोरं अजून असतात, ओरडणं घरात ऐकू येतं.

काल सकाळी इंजेक्शन देताना आई म्हणाली, "हात त्यांच्यावानी हलका झाला की गं तुजा. टोचल्यालं कळलंबी न्हाय."

मी सुई टाकली आणि मागच्या पायरीवर जाऊन तोंडात ओढणी कोंबून रडले. समोर त्यांचा दगड होता. कामचुकार म्हणाले होते मी त्यांना, चारचौघांत.