पप्पांची सफरचंदं आणि काकांचा मीटर

हे आत्ताच्या आत्ता सांगितलं नाही तर माझं पोट फुटेल, म्हणून जेवण अर्धवट टाकून टाईप करतेय. नाशिकमध्ये आमच्या गच्चीवर, पाण्याच्या जुन्या ड्रममध्ये, सफरचंदं येतात.

हो, खरी. दोऱ्याने बांधलेली नाहीत. (काकांनी येऊन आधी तेच तपासलं होतं.)

काका म्हणजे पप्पांचे मोठे भाऊ. दिंडोरीकडे त्यांची द्राक्षबाग आहे आणि द्राक्ष सोडून बाकी सगळी फळं त्यांच्या मते टाइमपास. पप्पा ओझरला कारखान्यात नोकरी करतात, म्हणजे शेतीतलं त्यांना शून्य कळतं, हेही काकांचंच मत. त्यामुळे पप्पांनी तीन वर्षं त्या झाडाला जितकं जपलं, तितकं मला दहावीतही जपलं नव्हतं. द्राक्षाच्या घडांना गुंडाळतात तसा प्रत्येक फळाला पेपर गुंडाळला. गच्चीत रद्दीचं झाड उगवल्यासारखं दिसायचं!

गेल्या जूनमध्ये सात फळं उतरली. पप्पांनी लगेच फोन लावला, स्पीकरवर.

"दादा, रविवारी ये. घरचं सफरचंद खायला."

"येतो की. मीटर घेऊनच येतो. बाराच्या खाली शुगर भरली तर झाड उपटून तिथं द्राक्ष लावीन. बोल."

"चालेल," पप्पा म्हणाले आणि घोटभर पाणी प्यायले.

(मीटर म्हणजे फळाच्या रसाचा थेंब टाकून डोळ्याला लावायची नळी. रसात साखर किती ते त्यात दिसतं. काका तो खिशात घेऊन लग्नालाही जातात.)

पप्पांनी सगळ्यात देखणं सफरचंद देवापुढे ठेवलं आणि उरलेली सहा मला दिली. "याचं काहीतरी मस्त कर."

मी मुरांबा घातला. व्हिडिओत बघून अर्धा किलो साखरेचा पाक केला. सफरचंदं मात्र लिंबाएवढी! पाकात फोडी शोधाव्या लागत होत्या. तेवढ्यात देवापुढचं दिसलं. नैवेद्य दाखवून झाला की तो वाटायचा असतो, हे आईनेच शिकवलंय. देवाचं खाऊन झालं असेल असं मी ठरवलं आणि चिरलं. (आधी नमस्कार केला होता.)

रविवारी काका आले. चहाही नको म्हणाले. "आण रे फळ."

पप्पा देवघरात गेले आणि रिकाम्या हाताने परत आले.

"मनू, देवापुढचं सफरचंद?"

मी गुपचूप बरणी पुढे सरकवली.

"सातही?" आई म्हणाली.

"फोडी कमी पडत होत्या गं."

पप्पा नुसते गच्चीच्या जिन्याकडे बघत बसले. मला वाटलं, आता झाडाबरोबर मलाही उपटतील.

काकांनी शांतपणे मीटर काढला, काचेवर पाकाचा थेंब टाकला आणि खिडकीपाशी जाऊन एक डोळा मिटला. बराच वेळ मिटूनच ठेवला.

"किती?" पप्पांनी हळूच विचारलं.

"बत्तीसपर्यंतच आकडे हायेत यात. सगळं पांढरंच दिसतंय, म्हंजी त्याच्याही वर."

पप्पा एकदम ताठ झाले. "तुझ्या द्राक्षाला आले कधी बत्तीस?"

"आरं, ती दुकानातली साखर हाय!"

"मीटर तुझा, डोळा तुझा. झाड राहणार."

काकांनी एक फोड खाल्ली. मग दुसरी. मग चमचा मागितला. निघताना बरणी त्यांच्या काखेत होती आणि गेटपाशी आवाज खाली: "कलम कुठनं आणलं रे?"

तेव्हापासून पप्पा अख्ख्या कॉलनीला सांगतात, "आमच्या सफरचंदापुढे मीटर संपला." साखरेचं ते बोलत नाहीत. मला त्यांचा एवढा अभिमान वाटतो की मीही बोलत नाही.

यंदा एकोणीस लागलीत! प्रत्येक पेपरवर मार्करने नंबर आहे, गच्चीला कुलूप आहे आणि आज देवापुढच्या सफरचंदाखाली पप्पांच्या अक्षरात चिठ्ठी सापडली: "मनू, देव अजून खातोय."

तुमच्याही घरी देवाचा नैवेद्य तुमच्यापासूनच सांभाळावा लागतो का? की ही अशी मी एकटीच?