काकांचं हिमायतनगर

आमच्या मावशीच्या यजमानांनी जेवढ्या माणसांच्या तोंडात डोकावून पाहिलं, तेवढं अख्ख्या मराठवाड्यात कुणी पाहिलं नसेल. दातांच्या डॉक्टरांनीसुद्धा नाही. काका चाकूरच्या सरकारी दवाखान्यात टीबीच्या गोळ्या वाटायचे. नुसत्या वाटण्यावर मात्र त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "वाटायला काय, लग्नात अक्षता बी वाटतेत," म्हणायचे. रोग्याच्या हातावर गोळ्या ठेवायच्या, स्वतःच्या माठातलं पाणी द्यायचं आणि घोट उतरला रे उतरला की हुकूम सोडायचा, "आ कर. जीभ वर. आता म्हण हिमायतनगर." रोगी कुठल्याही गावचा असो, म्हणायचं हिमायतनगरच. गालात गोळी दडवून हे नाव धड म्हणता येत नाही, हा काकांचा शोध. तुम्ही शेंगदाणा ठेवून म्हणून बघा.

लातूर नुकतंच वेगळा जिल्हा झालं होतं. पाट्या नव्या आल्या, पाणी मात्र आलं नाही. त्या दुष्काळात काकांचा माठ गावात एवढा गाजला की धडधाकट माणसं दवाखान्याच्या पायरीवर येऊन खोकायला लागली. काकांना सगळं कळायचं. तांब्या पुढं करत ते म्हणायचे, "पी बाबा. पण आ कर. सवय राहू दे."

त्या औषधानं लघवी लाल होते, हे कळल्यापासून तर काकांना धरबंदच उरला नाही. बाजारात, बसमध्ये, जिथं रोगी दिसेल तिथून ओरडायचे, "काय पाव्हणं, रंग कसा हाय?" एकाला त्याच्या मुलीच्या लग्नात, ऐन पंगतीत विचारलं. व्याही बिचारे समजले, यांचा घरं रंगवायचा धंदा आहे! मावशी कपाळावर हात मारून घ्यायची. पण काकांच्या हाताखालून गेलेली माणसं पुढं वर्षानुवर्षं ठणठणीत हिंडताना मी पाहिली आहेत. रस्त्यात काका दिसले की जयभीम घालायच्या आधी ती आ करायची.

मग त्याच दुष्काळात माझ्या आईलाच टीबी झाला. आम्ही तिकडं इस्लापूरला. काकांनी निरोप धाडला, "त्यास्नी माझ्या डोळ्यापुढं राहू द्या." मी कॉलेजला सुट्टी टाकून आईबरोबर चाकूरला आले. पण झालं काय, आई मावशीची थोरली बहीण. म्हणजे काकांची आकडसासू. तिच्यापुढं मान वर करायची नाही, ही आमच्याकडची रीत. अख्ख्या गावाला जीभ वर करायला लावणारा हा माणूस आईसमोर गोळ्या ठेवायचा आणि जमिनीकडं बघत उभा राहायचा. आई भिंतीकडं तोंड करून, पदराआड पाणी प्यायची. रंग विचारणं तर लांबच राहिलं.

आधी तिला चांगला उतार पडला. मग खोकला पुन्हा बळावला. ताप चढायला लागला, गळ्याची हाडं दिसायला लागली. मला रडू आवरेना. काका जेवणावरून उठून जायचे. "गोळ्याच बोगस आल्यात की काय," असं स्वतःशीच पुटपुटायचे.

एके सकाळी मावशीनं आईचं लुगडं भिजत घातलं आणि बादली लालभडक झाली. मावशी "रक्त गं बाई!" म्हणून किंचाळली. काका धावत आले. बादलीत एकदा बघितलं आणि खाली बसून लुगड्याच्या पदराची गाठ सोडली. तो रंग त्यांच्याइतका कोण ओळखणार? पदराच्या गाठीत लाल कॅप्सूल विरघळली होती.

"विचार त्यास्नी, का न्हाई खाल्ली," ते मावशीला म्हणाले.

आई दाराआडून म्हणाली, "गोळी खाल्ली की भूक लई लागती गं. असल्या साली बहिणीच्या घरी किती खावं माणसानं?"

काका उठले, स्वयंपाकघरात गेले, स्वतःच्या ताटातली भाकरी आईच्या ताटात ठेवली. हातावर गोळ्या दिल्या. आणि मान वर करून, थेट आईच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "आक्का, आ करा."

आई लाजेनं मेली असेल! पण तिनं आ केला. हिमायतनगरही म्हणाली. त्या दिवसापासून काका रंगाच्या आधी "भूक लागती का?" विचारायला लागले, आईला आणि दवाखान्यात येईल त्याला. नाही म्हणणाऱ्याला दुसऱ्यांदा आ करावा लागे. आई वाचली. काकांच्या त्या आगाऊपणानं वाचली, असं मी कुणालाही ठणकावून सांगते.

मावशी गेल्यापासून काका खचलेत. ताट पुढं आलं की म्हणतात, "भूक न्हाई." आता आई त्यांच्याकडं चाकूरलाच राहते. डोक्यावरचा पदर सावरत भाकरी दुधात कुस्करते आणि आकडसासूच्या हक्कानं म्हणते, "आ करा." काका मुकाट्यानं आ करतात. घास उतरला की ती थांबते. "म्हणा आता."

काकांच्या तोंडात दात राहिले नाहीत. ते नाव काही केल्या धड निघत नाही. आई म्हणते, "बरोबर हाय," आणि दुसरा घास कुस्करते.