बिज्याची फळी

आमगावच्या सुताराने मला फसवलं. सागाची म्हणून त्याने मला बिज्याची फळी दिली. त्या फळीवर आज मी डबे ठेवते.

लढाईचे दिवस होते. नवं कापड कंट्रोलवर, मोजकंच मिळे, म्हणून लोक जुन्याच्या गोधड्या शिवून घेत. माझ्याकडे हातमशीन होती, स्वतःच्या कमाईची. इस्त्री मात्र जमिनीवर घोंगडी टाकून करायची. शिवण नीट दबत नसे आणि कंबर धरायची. म्हणून इस्त्रीचा पाट घरीच करायचं ठरवलं.

सुताराकडे गेले तेव्हा इस्त्रीचं नाव काढलं नाही. धंद्याला पाहिजे म्हटलं की भाव चढतो.

"फळी कायले पाहिजे, बाई?"

"डबे ठेवायले."

"डब्यायले सागवान? सोनं भरून ठेवतेस का?"

"सोनं असतं तं तुह्या दारात कायले आली असती? देतोस का जाऊ?"

मी रस्त्यापर्यंत गेले, तेव्हा त्याने हाक मारली. दोन बंड्या शिवून द्यायच्या आणि फळी न्यायची, असं ठरलं. चार दिवसांनी फळी दिली ती जवसाचं तेल चोळून, चकचकीत. "सागच हाय. डोळे मिटून घेऊन जा." मी डोळे मिटले नाहीत. उचलून पाहिली, ठोकून पाहिली. तेलाखालचा रंग तेवढा दिसला नाही.

कापड अडकू नये म्हणून फळीच्या कडा काचेच्या तुकड्याने घासून गोल केल्या. वर घोंगडीच्या दोन घड्या घातल्या, त्यावर जुनं धोतर ताणून खालून चुका ठोकल्या. सुरकुती म्हणून नाही. पंधरा दिवस रंगीत, जाडंभरडं कापड त्यावर कोरडंच दाबलं. काम झरझर व्हायचं.

मग शाळेच्या मास्तरांची बायको आली. तिची आई वारली होती. आईचं पांढरं लुगडं तिने आणलं होतं; लेकीच्या बाळासाठी त्याची गोधडी पाहिजे होती. ते मऊ कापड कोरडं दबेना, म्हणून पाणी शिंपडून गरम इस्त्री टेकवली. उचलली तर खाली तपकिरी डाग. तीन ठिकाणी.

"जाळलंत तुम्ही माझ्या आईचं लुगडं," मास्तरीणबाई म्हणाल्या.

मी धोतर उचकटलं. घोंगडी खालून लालसर झाली होती. पाणी लाकडापर्यंत मुरलं होतं आणि उष्णतेने रंग वर ओढला होता. बिज्याचं लाकूड पाण्यात रंग सोडतं, हे आमच्याकडे कोणालाही ठाऊक आहे. फळीची एक ढलपी पाण्यात भिजवून तो लोटा मी त्यांच्या घरी नेला. त्यांनी आत पाहिलं.

"हा तर बिनदुधाचा चहा दिसून राहिला," म्हणाल्या, आणि डाग आत घालून लुगड्याची घडी केली. गोधडी झालीच नाही.

सुताराकडे गेले. मीच शिवलेली बंडी घालून बसला होता.

"इस्त्रीले पाहिजे म्हणाली असतीस तं बिजा दिलाच नसता. डब्यायचं काय बिघडलं असतं? खोटं कोण बोललं, बाई?"

बोलले मी खोटं. पण माझ्या खोट्याने त्याच्या बंडीचा टाकासुद्धा उसवला नाही. त्याच्या खोट्याने एका मेलेल्या बाईचं लुगडं गेलं. मास्तरीणबाईंच्या आळीतल्या बायका अजून मला रंगीत कापड देतात, पांढरं देत नाहीत.

मला दुसरी फळी नको. त्याने मास्तरीणबाईंच्या दारात उभं राहून एवढंच सांगावं, की तो डाग इस्त्रीचा नाही, बिज्याचा आहे. त्यांचं घर त्याच्या घरापासून चौथं आहे. मग अजून का जात नाही तो?