आधी खा, मग गाव

परवा नेदरलँड्समधल्या आमच्या आर्नहेमच्या घरी बोंबील भाजायला घेतले, तर लेकीने नाक दाबून सगळ्या खिडक्या उघडल्या आणि मला शिकायला आलो तेव्हाची, वाखनिंगनच्या विद्यापीठ वसतिगृहातली ती संध्याकाळ आठवली. प्रत्येक परदेशी विद्यार्थ्याने पाच मिनिटांत आपलं गाव दाखवायचं होतं. माझा शेजारी फिलिपिन्समधल्या एका बेटावरच्या, समुद्रकाठच्या चिमुकल्या गावचा. ते कुणालाच माहीत नाही म्हणून बिचारा कायम खट्टू. मी त्याच्यासाठी जीव तोडून नकाशे, फोटो जमवले आणि हा पठ्ठ्या पडद्याकडे पाठ करून विजेच्या शेगडीवर सुकी मासळी तळत उभा! "अरे, बोल की आता!" मी कपाळावर हात मारला. "आमच्याकडे खाऊ घातल्याशिवाय गावाचं सांगत नाहीत," तो शांतपणे म्हणाला. पाच मिनिटं तळण्यातच संपली, वर धुराचा अलार्म ठणाणा करू लागला आणि सगळे थंडीत बाहेर, सायकलींपाशी. मी चरफडतोय, आणि हा तवा घेऊन आला! प्रत्येकाच्या हातावर मासा ठेवत, सायकलींकडे बोट दाखवत सांगू लागला: ही होड्यांची रांग, तो धक्का, डावीकडे मासळीबाजार, त्यामागे चर्च. घड्याळ लावून बसणारी डच संयोजिकाच बोटं चाटत विचारत होती, "आणि तुझं घर?" त्या गावी मी कधीच गेलो नाही, पण धक्क्यावर उतरलो तर आजही वाट चुकणार नाही, असं मी बोंबील उलटता उलटता बोलून गेलो. "कुठलं गाव, बाबा?" लेकीने खिडकीतूनच विचारलं. मी ताटली पुढे केली. "आधी खा."